जोडीचा डबा

खर्र… खर्र… खर्र…

बाजारातून कामावर आल्यावर मी पहिला आवाज ऐकला तो हा, करवतीचा. बाभळीच्या एका ओंडक्यावर दोन जवान माणसं लांब करवत ओढत होती. एक वर उभा, एक खाली. मी बाजूला धोतराच्या घडीखाली झाकून ठेवलेला. आवाज थांबला. वरचा माणूस खाली उतरला, घामेजलेल्या हातानं त्यानं मला उचललं आणि माझं झाकण उघडलं. त्याला आता पन्नासेक वर्षं झाली. आजही कुठं लाकूड चिरल्याचा आवाज आला की मला वाटतं, आता हा थांबेल आणि मला कुणीतरी उघडेल.

मी पितळेचा डबा आहे. मुठीत मावेन एवढा. मला दोन बाजूंनी दोन झाकणं आहेत. एकीकडचा कप्पा मोठा, तो तंबाखूचा. दुसरीकडचा लहान, तो चुन्याचा. मी बोलतोय म्हणून मला फार कळतं असं समजू नका. ज्यांच्या हातात राहिलो त्यांच्यापुरतंच मला कळलं. आणि तेही पुरतं कळलं नाही, हे आता म्हातारपणी ध्यानात येतंय.

मला घेतलं नगरच्या बाजारात. इब्राहिम आणि सहादेव करवतीच्या दातांना धार काढून घ्यायला आले होते. दोघांनी पहिलं मोठं काम नुकतंच पुरं केलं होतं, शाळेच्या छपराच्या तुळया चिरल्या होत्या. दुकानदारानं माझ्यासारखे दोन डबे पुढं ठेवले.

सहादेव म्हणाला, "दोन कशाला? आमी काय दोन हाय का?"

दुकानदार हसला. "एका डब्यावरनं भांडाल बरं."

"भांडलो तर डबा मधी ठिवू आन् भांडू," इब्राहिम म्हणाला.

असा मी दोघांचा झालो.

त्यांचं गाव कर्जतच्या पुढं, सीना नदीच्या अंगाला. करवतीचं काम जोडीनंच होतं. ओंडका दोन लाकडी घोड्यांवर उंच चढवायचा, काव लावलेल्या दोरीनं त्यावर लाल ओळ मारायची. वरच्यानं ओळ बघत करवत ओढायची. खालच्याला ओळ दिसत नाही, वरून पडणारा भुसा मात्र सगळा त्याच्या डोळ्यांत. म्हणून दुपारी तंबाखू खाऊन झाली की दोघं जागा बदलत. सकाळी इब्राहिम वर असला तर दुपारी सहादेव. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी चुकवलंही नाही. भाकरी निम्मी, मजुरी निम्मी, भुसासुद्धा निम्मा. चिमूटभर तंबाखू उरली तरी तिचे दोन भाग होत. मला ते बघून बघून वाटायला लागलं, जगात सगळीकडं असंच असतं.

पुढं लाकडाची गिरणी आली. करवत इब्राहिमच्या घरात खुंटीला टांगली गेली ती कायमची. मी मात्र हातात राहिलो. दोघं म्हातारे झाले. इब्राहिमची चांदबी गेली, तेव्हा सहादेवच्या छबूबाईनं चाळीस दिवस त्या घरात भाकरी पोचवली. रोज सकाळी सहादेव इब्राहिमच्या ओट्यावर येऊन बसायचा. इब्राहिमची सून सबिहा दोन कप चहा आणून ठेवायची. मग मी उघडायचो. छबूबाई म्हणायची, "दोगं मिळून एक मानूस हाय. कोन कुनाचा नवरा तेच कळंना मला."

हे असंच संपलं असतं तर किती बरं झालं असतं.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर गावच्या शाळेत तपासणी झाली. साठीच्या पुढच्या सगळ्यांना बोलावलं होतं. पोटावर कसलंसं यंत्र लावून बघत होते. इब्राहिम आणि सहादेव दोघांच्याही यकृताला सूज निघाली. सहादेवची जास्त.

सहादेव माळकरी माणूस. आयुष्यात दारूच्या गुत्त्याची पायरी चढला नाही. पण पिठाच्या गिरणीवर भिमाजीनं त्याला गाठलंच. "काय सहादेवबाबा, कवापास्नं घ्यायला लागला? आमाला पन सांगा की, कोपऱ्यात बसू."

सगळे हसले. सहादेवही हसला. पण ओट्यावर आल्यावर मला उघडताना त्यानं चुना सांडला.

पुढच्या आठवड्यात दोघं नगरला मोठ्या दवाखान्यात गेले. तिथं डॉक्टर अश्विनी होत्या. तरुण, बारीक आवाजाच्या. समोरच्या माणसाचं बोलणं पुरं झाल्याशिवाय त्या स्वतः बोलत नसत. त्यांनी सहादेवला आधी हेच सांगितलं, की ही दारूची सूज नाही, वयाची आहे.

"वय झालं की यकृतातल्या काही पेशी कामातून जातात. त्या मरत नाहीत, नुसत्या बसून राहतात. आणि बसल्या बसल्या शेजारच्या चांगल्या पेशींना त्रास देतात. त्यानं सूज येते."

"म्हंजी आमच्यावानीच की म्याडम," सहादेव म्हणाला. "काम काय न्हाई, आन् बसल्या जागी घरच्यांला तरास."

डॉक्टरीणबाई हसल्या. मग म्हणाल्या, या बसून राहिलेल्या पेशींना शांत करणारं एक नवं औषध निघालंय. अजून ते बाजारात नाही. उंदरांवर करून बघितलं, त्यांची सूज उतरली. आता माणसांवर करून बघतायत. वर्षभर गोळ्या घ्यायच्या, दर अडीच महिन्यांनी तपासणीला यायचं.

"म्हंजी उंदरानंतर आमचा नंबर," इब्राहिम म्हणाला.

"तुमची इच्छा असेल तरच, आजोबा. नको वाटलं तर आत्ता उठून जा. मधेच सोडावंसं वाटलं तरी सोडा. तुमच्या बाकीच्या उपचारात मी काही कमी करणार नाही."

मग त्यांनी मुख्य गोष्ट सांगितली. मी इब्राहिमच्या खिशात होतो, मला एकेक शब्द ऐकू आला. निम्म्या लोकांना खरं औषध मिळतं. निम्म्यांना अगदी तशीच दिसणारी गोळी मिळते, पण तिच्यात औषध नसतं. कुणाला कोणती, ते डॉक्टरलाही माहीत नसतं. तसं केल्याशिवाय औषधानं गुण आला की आपोआप आला, हे कळत नाही. "म्हणून आपापल्या बाटलीतलंच घ्यायचं," त्या म्हणाल्या. आणि परत एकदा म्हणाल्या, "आपापल्याच बाटलीतलं."

दोघांनी मान डोलावली. अंगठे उठवले. दोघांना दोन बाटल्या मिळाल्या, वर वेगवेगळे नंबर. सकाळी एक, संध्याकाळी एक. आणि तंबाखू त्या दिवसापासून बंद.

माळीवाड्याच्या स्टँडवरनं एस.टी. सुटली. मिरजगाव जवळ आलं. मग सहादेव म्हणाला, "इब्राहिम, एकाच्या बाटलीत खरं आन् दुसऱ्याच्या बाटलीत पीठ, असं असलं तर?"

"आसंल बी."

"मंग?"

"मंग काय? दोनी वतायच्या एकात. जे काय आसंल ते निम्मं निम्मं."

"बाई नको म्हनल्यात."

"बाईंला काय ठाव, आपली जोडी हाय ते."

घरी आल्यावर इब्राहिमनं मला चिंच आणि राख लावून घासलं. पन्नास वर्षांची तंबाखू धुऊन निघाली. मग त्यानं दोन्ही बाटल्या माझ्या मोठ्या कप्प्यात मावतील तेवढ्या ओतल्या. उरलेल्या एका पिशवीत ठेवल्या, त्याही एकत्रच. टोपणाच्या गोळ्या, म्हणजे कॅप्सूल; प्रत्येक गोळी अर्धी पांढरी, अर्धी निळी, सगळ्या सारख्याच दिसणाऱ्या.

सबिहा चहा ठेवायला आली होती. तिनं रिकाम्या बाटल्या उचलून बघितल्या. "अब्बा, यांच्यावर नंबर वेगवेगळे आहेत."

"मानूस येगळा म्हनून नंबर येगळा," इब्राहिम म्हणाला. ती गेली.

मला त्या दिवशी फार आनंद झाला होता, हे कबूल करतो. मला वाटलं, तंबाखू गेली तरी जोडी मोडली नाही.

पण चार-सहा दिवसांत मला समजलं की माझ्या पोटात दोन जाती आहेत. एखाद्या टोपणाच्या फटीतून कणभर भुकटी निसटायची. काही भुकटी कडू होती, जहर. काही अगदी बेचव, मक्याच्या पिठासारखी. सहादेव डोळे मिटून बोटं घालायचा आणि हाताला येईल ती गोळी घ्यायचा. कधी कडू, कधी बेचव. इब्राहिमचंही तेच. एकाचं पुरं औषध दोघांत अर्धं अर्धं होत होतं. आणि सहादेवची सूज जास्त होती. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, अरे, वेगळ्या करा. पण डब्याला तोंडं दोन असली तरी जीभ नसते.

रमजान आला. डॉक्टरीणबाईंनी इब्राहिमला सांगितलं होतं की रोजा धरायचा असेल तर पहाटे खाताना एक आणि रोजा सोडल्यावर एक घे. संध्याकाळी सहादेव ओट्यावर येऊन बसायचा. इब्राहिमनं खजूर तोंडात टाकला की मगच तो आपली गोळी घ्यायचा.

"तुजी येळ सातची हाय का?" इब्राहिमनं एकदा विचारलं.

"माझी येळ तुज्या खजुराची हाय."

पहिल्या दोन तपासण्यांत काही फरक नव्हता. तिसरी आषाढात झाली. इब्राहिमची सूज होती तेवढीच. सहादेवची वाढली होती. डॉक्टरीणबाईंनी यंत्रावरचा आकडा दोनदा बघितला.

"सहादेव आजोबा, गोळ्या रोज घेता ना?"

"एक बी चुकवली न्हाई म्याडम."

खोटं नव्हतं ते. त्यांनी इब्राहिमला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "तुम्ही त्यांच्या घरच्यासारखे आहात म्हणून सांगते. सूज अशीच वाढत गेली तर यकृत कडक होईल. एकदा पुरतं कडक झालं की या वयात फार काही करता येत नाही. त्यांच्याकडे लक्ष ठेवा."

त्या दिवसापासून इब्राहिमला झोप नव्हती. माझ्यावर बोटं फिरवत बसायचा. सहादेव त्याच्याहून दोन वर्षांनी लहान. त्याच्या मागं छबूबाई होती. इब्राहिम एकटाच एकदा पुटपुटला, "मला कोन हाय रडायला? पोरगा आन् सबिहा चार दीस रडत्याल."

श्रावणात हवा ओली असते. टोपणं मऊ पडतात. एका संध्याकाळी इब्राहिमच्या तोंडात एक गोळी फुटली. त्याचं तोंड वाकडं झालं, पाणी पिऊन पिऊन कडूपणा जाईना. दुसऱ्या दिवशी त्यानं मुद्दाम एक गोळी चावली. तिला चवच नव्हती. मग त्यानं मला दोन्ही हातांत धरलं. मला कळलं, त्याला कळलं.

सहादेव चहा पिऊन घरी गेला, की इब्राहिम दार लोटून बसायचा. ताटात गोळ्या काढायचा. एकेक टोपण हलकेच ओढायचं, बोटाचं टोक आत लावायचं, जिभेला लावायचं, टोपण परत बसवायचं. करवतीनं जाड झालेली ती बोटं, एकाला नख नाही. पण एक गोळी सांडली नाही. कडू निघाली की माझ्या मोठ्या कप्प्यात. बेचव निघाली की चुन्याच्या कप्प्यात. कडू ते औषध, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. लहानपणापासून त्याला मिळालेलं प्रत्येक औषध कडूच होतं. काडेचिराईत कडू, निंबाचा रस कडू, हिवतापाची गोळी कडू.

मलाही तसंच वाटलं. माझी सगळी हयात तंबाखूच्या आणि चुन्याच्या झोंबण्यात गेली. ज्याला चव आहे त्यातच जोर असणार, असं मला वाटलं. बेचव भुकटीत काही असेल हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

सकाळ-संध्याकाळ सहादेव यायचा. इब्राहिम मोठा कप्पा उघडून त्याच्यापुढं धरायचा. सहादेवनं गोळी उचलली की अंगठ्यानं मला उलटं फिरवायचा आणि चुन्याच्या बाजूची एक आपल्या तोंडात टाकायचा. सहादेवनं ते कधी बघितलं नाही. तो चहाकडं बघत असायचा.

इब्राहिमनं आयुष्यात पहिल्यांदाच वाटणी सारखी केली नव्हती. आणि तो मला किती सुखी वाटायचा, काय सांगू. गोळी घेताना हसायचा.

"काय रं, गोळी हाय का जिलेबी?" सहादेव विचारायचा.

"तुला कळायची न्हाई तिची चव."

दसऱ्याच्या आसपास पुन्हा तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी आधी इब्राहिमचा कागद वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला. "आजोबा, तुमची सूज चांगली उतरलीय की."

मग सहादेवचा कागद वाचला. त्याच्या पायाच्या घोट्यावर अंगठा दाबून बघितला. खळगा पडला, तो लवकर भरला नाही.

परतीच्या गाडीत इब्राहिम खिडकीला टेकून बसला होता. सहादेवनं त्याला कोपर मारलं. "आरं, पास झालास आन् रडतूस? परीक्षेत पोरं नापास झाली की रडत्यात."

इब्राहिमच्या खिशात मी होतो. तेव्हाच त्यानं उलट करायला हवं होतं. तेव्हाच. मी खिशात तडफडत होतो. पण त्यानं स्वतःची समजूत काढली. दोन महिने कमी पडले असतील. सहादेवचं दुखणं जुनं, त्याला वेळ लागणार. आणि यंत्रं काय, चुकतातही. घरी आल्यावर त्यानं नव्या बाटल्यांतल्या गोळ्याही तशाच निवडल्या. कडू मोठ्या कप्प्यात, बेचव लहान कप्प्यात.

आपण ज्याच्यासाठी जीव टाकतो त्याचंच आपल्या हातानं वाईट होतंय, हे माणसाला लवकर मानवत नाही. डब्यालाही मानवत नाही.

मग दिवस असे गेले. इब्राहिमच्या तोंडावर रंग चढला. त्याला भूक लागायला लागली. सबिहा म्हणाली, "अब्बा, औषध लागू पडलं तुम्हाला." ते ऐकून तो ताटावरून उठला. सहादेवचे डोळे पिवळे दिसायला लागले. चपलेत पाय बसेना. ओट्यावर यायला त्याला दोनदा थांबावं लागायचं. एकदा छबूबाई त्याच्याबरोबर आली आणि इब्राहिमला म्हणाली, "भाऊजी, तुमाला गुन आला, यास्नी का न्हाई? दोगांचं औषीद एकच न्हवं?"

"एकच हाय वहिनी," इब्राहिम म्हणाला.

त्या दुपारी त्यानं दार लावून घेतलं, मला जमिनीवर ठेवलं आणि माझ्यापुढं गुडघे टेकून बसला. माणूस देवापुढं बसतो तसा. पण हात पसरले नाहीत. त्यानं दोन्ही झाकणं उघडली. मोठ्या कप्प्यातल्या गोळ्या लहानात आणि लहानातल्या मोठ्यात केल्या. दुसऱ्या सकाळी सहादेवला पहिल्यांदा बेचव गोळी मिळाली. इब्राहिमनं स्वतः कडू घेतली आणि तोंडात धरून ठेवली, टोपण विरघळेपर्यंत.

असे सहाच दिवस झाले. सातव्या दिवशी सहादेव आला नाही. चहा निवला. छबूबाईचा निरोप आला, पोट फुगलंय, माणसं ओळखत नाहीत, जीप ठरवलीय.

आता आम्ही नगरच्या त्याच दवाखान्यात आहोत. आज तिसरा दिवस. सहादेवच्या पोटातलं पाणी काढलंय. काल तो शुद्धीवर आला. छबूबाई त्याच्या उशाशी बसलेली असते. इब्राहिम दाराबाहेरच्या बाकावर. मी त्याच्या मुठीत. या तीन दिवसांत त्यानं मला खाली ठेवलेलं नाही.

आज सकाळी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि त्याच्याजवळ उभ्या राहिल्या. "आजोबा, मला खरं सांगा. यांनी दुसरं काही घेतलं होतं का? झाडपाला, कुणा वैदूचं औषध, काही?"

इब्राहिमनं मूठ उघडली. माझं एक झाकण काढलं, मग दुसरं. आणि सगळं सांगितलं. हळूहळू सांगितलं, तो बोलतोच तसा. एस.टी.तलं बोलणं, ओतलेल्या बाटल्या, फुटलेली गोळी, ताट, दोन कप्पे. डॉक्टरीणबाई उभ्या होत्या त्या बाकावर बसल्या.

"काय केलंत हे, आजोबा," एवढंच म्हणाल्या.

"मला तुरुंगात टाका म्याडम. माझी ना न्हाई."

"तुरुंगाचं काय घेऊन बसलात? तुम्हाला माहीत आहे, किती म्हातारी माणसं या औषधाची वाट बघतायत? तुमच्या दोघांच्या कागदांवर जे लिहिलंय ते सगळं खोटं झालं. आणि मी सहादेव आजोबांना तपासत होते ती काय समजून?" त्यांचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "चवीवरून ठरवलंत. मला विचारायचं होतं. एकदा विचारायचं."

"तुमी बंद केलं आसतं."

"हो. बंद केलं असतं."

मग इब्राहिम म्हणाला, "येक सांगा फकस्त. कडू ते खरं हुतं का बेचव ते?"

"मलाही माहीत नाही. कुणाच्या बाटलीत काय, ते पुण्याला बंद ठेवलेलं असतं. पण माणूस इतका आजारी झाला तर उघडून मागता येतं. आता मागावंच लागेल, त्याशिवाय पुढं काय द्यायचं ते ठरवता येत नाही." त्यांनी माझ्या दोन्ही कप्प्यांतल्या गोळ्या दोन वेगळ्या पाकिटांत काढून घेतल्या. रिकामा मी परत इब्राहिमच्या हातात दिला. "दोन्ही नमुने इथंच तपासायला देते. बाटल्यांचे नंबर माझ्याकडे आहेत. दुपारपर्यंत कळेल."

त्या गेल्या.

मी आता रिकामा आहे. वाट बघता बघता तुमच्याशी बोलतोय. वाटून खाण्यासारखं जगात पुष्कळ आहे, भाकरी आहे, काम आहे, दुःखसुद्धा आहे. ते सगळं माझ्यादेखत या दोघांनी वाटलं आणि त्यांचं वाईट झालं नाही. पण ज्याच्या नावाचं औषध त्यालाच घेऊ द्या. आणि चूक झालीच, तर ज्याला बोलता येतं त्यानं त्याच दिवशी तोंड उघडावं. चांगल्या मनानं केलंय म्हणून गप्प बसू नये. मला बोलता येत नव्हतं, इब्राहिमला येत होतं. मी त्याला दोष देत नाही. मी तर तेवढाच चुकलो.

मघाशी सहादेवनं त्याला आत बोलावलं. हाक मारली म्हणण्यापेक्षा हात हलवला. इब्राहिम खाटेशी जाऊन उभा राहिला.

"जवळ यी," सहादेव म्हणाला. "बघू तोंड." त्यानं इब्राहिमच्या गालावर उलटा हात लावला. "छबे, बघ की. कसा टवटवीत झालाय. नवरा मुलगा दिसतूय."

छबूबाईनं पदर तोंडाला लावला.

"माझ्या मनाला एक समाधान हाय," सहादेव थांबत थांबत म्हणाला. "निम्मं निम्मं घेतलं म्हनून. न्हाईतर मला वाटलं आसतं, माझ्याच बाटलीत खरं हुतं आन् मी एकट्यानं खाल्लं. तुला लागू पडलं. माझं नशीब. पन घेतलं तर सारकंच."

इब्राहिमचे ओठ हलले. मला वाटलं, आता सांगेल. त्यानं मला इतकं घट्ट धरलं की माझा पत्रा चेपला. सहादेवनं डोळे मिटले होते. त्याला दम लागला होता.

इब्राहिम परत बाहेर आला. बाकावर बसला नाही. भिंतीला पाठ लावून उभा राहिला. दुपारची जेवणाची गाडी गेली. एका नातवानं आजीला चाकाच्या खुर्चीतून नेलं. फरशी पुसणारी बाई म्हणाली, "बाबा, पाय घ्या," त्याला ऐकू गेलं नाही.

मग लांब, जिन्याच्या बाजूनं डॉक्टरीणबाई येताना दिसल्या. हातात एकच कागद. चालता चालता वाचत होत्या. मधेच थांबल्या, पहिल्यापासून परत वाचला. मग सावकाश आमच्यापर्यंत आल्या.

इब्राहिमनं मला दोन्ही हातांत धरलं होतं. मोठं झाकण एकीकडं, लहान झाकण दुसरीकडं.

"म्याडम," तो म्हणाला, "माझ्या हातनं त्याला औषीद गेलं का न्हाई? येवढंच सांगा. जे आसंल ते सांगा."

डॉक्टरीणबाईंनी त्याच्या चेहऱ्याकडं बघितलं. आधी डोळ्यांकडं, मग त्या नव्यानं भरलेल्या गालांकडं. दाराच्या फटीतून आत सहादेवची खाट दिसत होती, तिकडं बघितलं. बोलण्यासाठी त्यांनी श्वास घेतला, तो मला ऐकू आला. मग त्यांनी कागदाची घडी घातली, त्या घडीची आणखी एक घडी घातली, ती खिशात ठेवली, आणि त्या तडक सहादेवच्या खाटेकडं गेल्या. इब्राहिमनं स्वतःच्या गालाला हात लावला.